नाव उर्दूत, गाव मराठीत

पाचवीच्या वर्गाला मराठीत एक गोष्ट लिहायला दिली होती. विषय सोपा होता : 'हरवलेली चप्पल'. शाळा उर्दू माध्यमाची, मराठी हा आमचा एक विषय. वह्या तपासायला बसले आणि दहाव्या-बाराव्या वहीशी हात थांबला. प्रत्येक गोष्टीत चप्पल हरवलेला मुलगा राजू होता, सोनू होता, नाहीतर गणेश. मुलगी असेल तर सुनीता. वर्गात एकही राजू नाही, एकही सुनीता नाही. आहेत ते अयान, सना, तौफिक, बुशरा. दुसऱ्या दिवशी विचारले, "तुमच्यापैकी कुणाची चप्पल कधी हरवली नाही का?" सगळे हसले. मग एका मुलीने अगदी सहज सांगितले, "टीचर, मराठी की कहानी में हमारे नामां नै आते."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. 'कर्त्यानंतर कर्म येते' हा नियम जसा सांगावा, तसा तिने हा एक नियम सांगितला.

पुढच्या आठवड्यात तोच विषय मी उर्दूत लिहायला दिला. आता नावे परत आली. पण गाव गेले. ज्या मुलाचा बाप आठवडी बाजारात केळी विकतो, त्याच्या गोष्टीतला बाजार कुठल्यातरी बादशहाच्या शहरातला झाला. नहर आली, बाग आली, सौदागर आला. एसटी स्टँड, उसाच्या मोळ्या, बाजाराच्या दिवशीचा चिखल हे सगळे गायब. म्हणजे दहा वर्षांच्या या पोरांचा हिशोब असा झाला आहे : उर्दूत आपले नाव चालते, पण गाव चालत नाही, मराठीत गाव चालते, पण नाव चालत नाही. माणूस म्हणून अख्खे उभे राहायला त्यांना एकही भाषा मोकळी नाही.

'मुस्लिम मुलांना आपलेपणा वाटत नाही' या विषयावर मी बरीच भाषणे ऐकली आहेत. त्यात दोषी नेहमी दुसरा कुणीतरी असतो. ही कैफियत मी दोन्हीकडच्या लोकांविरुद्ध मांडते आहे आणि त्यात मी शिक्षक म्हणून स्वतःलाही धरते. राजू आणि सुनीता ही नावे मुलांनी स्वप्नात पाहिलेली नाहीत. फळ्यावर उदाहरणाची वाक्ये लिहिताना वीस वर्षे मीच 'राजू आंबा खातो' लिहीत आले आहे.

आधी आदर्शांचे बघू.

आपल्या राज्यात १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. चांगली गोष्ट आहे. शाळाशाळांत फोटोला हार घातला जातो आणि भाषणे होतात. त्या भाषणांतले कलाम कसे असतात? ते वीणा वाजवतात, गीता वाचतात, शाकाहारी असतात. हे सगळे खरेच आहे आणि त्यात काही गैर नाही. पण ज्या सुरात ते सांगितले जाते, तो सूर मुले बरोबर ओळखतात. त्या सुराचा अर्थ असा असतो की हा मुसलमान आम्हाला आवडतो, कारण तो तुमच्या घरातल्या मुसलमानासारखा नाही. समोर बसलेल्या तौफिकच्या अब्बांची मटणाची दुकान असेल, तर त्या भाषणातून त्याने काय घरी न्यायचे?

गंमत अशी की स्वतः कलामांनी असे काहीही लपवलेले नाही. त्यांचे आत्मचरित्र १९९९ साली आले. मराठीत ते 'अग्निपंख' या नावाने माधुरी शानभाग यांनी आणले आणि बहुतेक शाळांच्या कपाटात ते असते. त्यात रामेश्वरमची मशिदीची गल्ली आहे. संध्याकाळच्या नमाजाला मुलाला बरोबर नेणारे वडील जैनुलाबदीन आहेत. चुलतभावाच्या वर्तमानपत्रांच्या एजन्सीला हातभार लावून पहिली कमाई करणारा पोरगा आहे. आणि त्यात एक प्रसंग असा आहे, जो वाचन प्रेरणा दिनी मी कुठल्याही व्यासपीठावरून ऐकलेला नाही. पाचवीतला कलाम डोक्यावर टोपी घालून पहिल्या बाकावर मित्राशेजारी, रामनाथ शास्त्रीशेजारी बसतो. रामनाथ हा रामेश्वरमच्या मुख्य पुजाऱ्याचा मुलगा. नवीन आलेल्या शिक्षकाला पुजाऱ्याच्या मुलाशेजारी मुसलमान मुलगा बसलेला खपत नाही. तो कलामला मागच्या बाकावर पाठवतो. रामनाथ रडतो. दोघेही घरी सांगतात. रामनाथचे वडील लक्ष्मण शास्त्री त्या शिक्षकाला बोलावून घेतात आणि सुनावतात : निरागस मुलांच्या मनात विष कालवू नका, माफी मागा, नाहीतर गाव सोडा.

मागच्या बाकावर जाण्याचा अनुभव आमच्या किती मुलांना असेल! त्यांना हे पान वाचून दाखवा. कलाम राष्ट्रपती झाले म्हणून ते मुलांचे होत नाहीत. त्यांनाही कुणी उठवून मागे बसवले होते, ते त्यांना लागले होते आणि पुजाऱ्याच्या घरातला एक मोठा माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला होता, हे कळल्यावर ते मुलांचे होतात. शेजारच्या बाकावरच्या रामनाथलाही त्या पानात जागा आहे. पण आपण ते पान वगळतो आणि रॉकेटवर बोलतो. मुलांच्या कामाचा माणूस आपण पुतळा करून टाकतो.

आता आमच्या लोकांकडे वळते.

घरात मोबाइलवर तुर्कस्तानची मालिका उर्दूत लागलेली असते. घोडे, तलवारी, एर्तुग्रुल. भिंतीवर सलाहुद्दीन अय्यूबीचे पोस्टर. मला इतिहासाचे वावडे नाही, मालिकाही बघाव्यात. पण जो बाप मुलाला तेराव्या शतकातल्या अनातोलियाचा नकाशा समजावून सांगतो, त्याला श्रीगोंद्यात कोण होऊन गेला ते माहीत नसते. नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद हे संतकवी. त्यांचा 'योगसंग्राम' हा मराठीतला मोठा ग्रंथ. ते मराठीत लिहीत होते आणि त्यासाठी त्यांनी आपले नाव राजू करून घेतले नव्हते. माझ्या वर्गातली मुलगी जो नियम सांगते, तो शेख महंमदांनी चारशे वर्षांपूर्वी मोडलेला आहे. हे तिला कुणी सांगायचे? तिच्या घरात कुणी सांगत नाही. "तो आपला नव्हे, तो भक्तीवाला" असे म्हणून काहीजण त्यांना बाहेर ठेवतात. शाळेत संतपरंपरेची यादी म्हणताना त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. दोन्ही घरांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेला हा माणूस मला आमच्या मुलांसारखाच वाटतो.

शाहीर अमर शेखांचेही तसेच. बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात गाणारे; ज्यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने भरून जात. हे राज्य १९६० साली झाले, त्यात एका मेहबूबचा आवाज आहे. १ मे रोजी झेंडावंदनाला उभ्या असलेल्या आमच्या मुलांना हे माहीत असते का? आमच्या कितीजणांना माहीत असते?

आता थोडे अवघड बोलते.

चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. अफजलखानाचा प्रसंग आला की वर्गात एक शांतता पसरते, ती मला चांगली ओळखीची आहे. एका वर्षी एका पोराने विचारलेच : "टीचर, अपन किसकी तरफ थे?" यावर आमच्याकडे एक ठरलेले उत्तर तयार असते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, काझी हैदर मुन्शी होता, प्रतापगडावर महाराजांबरोबरच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि तिकडे अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. मीही हेच सांगितले. सगळे खरे आहे, सांगायलाच हवे. ती लढाई दोन राज्यांची होती हे त्यातून मुलांना कळते.

पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर दिले, पण असा प्रश्न त्याला पडावाच का, हे विचारले नाही. त्याच वयाच्या दुसऱ्या कुठल्या मुलाला १६५९ साली आपण कुणाच्या बाजूला होतो याचा दाखला काढावा लागतो? आमच्या सभांमधून हल्ली अशा याद्यांचा पाऊस पडतो : अमुक लढाईत इतके मुसलमान, तमुक तुरुंगात इतके. यादी करणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मुलाच्या हातात तेवढीच यादी दिली, तर त्याला एकच गोष्ट शिकवली जाते : तू इथे राहतोस ते कुणाच्या तरी मेहेरबानीवर, म्हणून खिशात कागद ठेव. आपलेपणा हा दाखल्यावर मिळत नसतो. रेशनकार्ड मिळते.

आणि याद्यांच्या घाईत आपण आणखी एक चूक करतो. फातिमा शेख. सावित्रीबाईंच्या या सहकारी स्त्रीचे नाव आज आमच्या मुलींना माहीत झाले, याचा मला आनंद आहे. पण त्यांच्या नावावर जन्मतारीख, भाषणे, प्रसंग, संवाद असे काय काय चिकटवले गेले आहे, ते बघून भीती वाटते. त्यासाठी कुणी कागद दाखवत नाही. मग कुणीतरी उठतो आणि म्हणतो, 'ही बाई झालीच नाही', आणि ज्या मुलीने गॅदरिंगमध्ये फातिमा शेखचे काम केले तिला वाटते, आपले तेवढेही खोटे निघाले. जे हातात आहे ते एवढे : सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १० ऑक्टोबर १८५६ चे जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे. आजारपणात माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंना तिथे फातिमाची काळजी वाटते. आपल्या मागे तिच्यावर कामाचा भार पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्या लिहितात. एवढेच. मला विचाराल तर हे पुष्कळ आहे. मैत्रीण आजारी असताना तिचे काम न बोलता उचलणारी बाई. सातवीतल्या मुलीला हे समजते, कारण असे काम तिने स्वतः केलेले असते. तिला भरजरी चरित्राची गरज नाही. खोट्या पायावर उभा केलेला आदर्श ज्या दिवशी पडतो, त्या दिवशी तो मुलावरच पडतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आदर्श ही दुसरी गोष्ट आहे. पहिली गोष्ट पुस्तक आहे, आणि पुस्तकातला साधा, चुकणारा, हट्टी मुलगा.

प्रेमचंदांची 'ईदगाह' आठवा. हामीद ईदच्या जत्रेत जातो. बाकीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हा तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना त्याच्या दादीची, अमीनाची, बोटे भाजतात. ही गोष्ट मी मुसलमान मुलांना वाचून दाखवली आहे आणि एकदा शिबिरात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांनाही. दोन्ही ठिकाणी चिमट्याशी आल्यावर मुले गप्प होतात. हामीद कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. तो देशभक्त आहे का, सुधारक आहे का, हे गोष्ट विचारत नाही. तो एक गरीब, हुशार, थोडा तोंडाळ पोरगा आहे. त्याची ईद ही गोष्टीतली शोभेची ताटली नाही, ती त्याची ईद आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत आणि बालमासिकांत मुसलमान मूल बहुतेक वेळा शीरखुर्म्याच्या वाटीसोबत येते आणि वाटी रिकामी झाली की जाते. वर्षाचे बाकीचे दिवस ते कुठे असते? त्याचे गणित चुकत नाही? त्याला क्रिकेटमध्ये शून्यावर कुणी बाद करत नाही? श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, हे माझ्या वर्गातली पोरे तोंडपाठ सांगतात. पण श्रीरामपूरच्या मैदानावर चेंडू हरवून घरी बोलणी खाणारा पोरगा मराठी गोष्टीत मला अजून भेटायचा आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत, म्हणजे जवळजवळ दर नऊ माणसांत एक. नऊ गोष्टींमागे एक गोष्ट द्या, असा हिशोब मी मागत नाही. पण शंभर गोष्टींत आमच्या घरचा एक मुलगा चप्पल हरवून यावा की नाही?

आता आमच्या लेखकांना विचारते. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण. म्हणजे मराठी ही आमची भाषा आहे की नाही, हा वाद त्या वर्षीच संपायला हवा होता. त्याआधी हमीद दलवाईंची 'इंधन' आली होती. नंतर रझिया पटेलांचे 'चाहूल' आले, मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' आले, मलिका अमर शेख यांचे आत्मकथन आले. यातल्या काही नावांवर आमच्यात भांडणे होतील. होऊ द्या. मुलांना हेही कळू द्या की आपल्या घरात भांडणारी माणसे होती आणि ती मराठीत भांडली. घरातल्याशीच माणूस भांडतो. पण ही सगळी पुस्तके मोठ्यांसाठी आहेत. लहान मुलांसाठी आम्ही काय लिहिले? परिसंवादात 'अस्मिता' या शब्दावर तासभर बोलणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांनी आठ वर्षांच्या मुलासाठी एक तरी गोष्ट लिहिली? उर्दूत डॉ. झाकिर हुसेन यांच्यासारख्या माणसाने 'अब्बू खाँ की बकरी' लिहिली आणि पुढे ते राष्ट्रपती झाले. मुलांसाठी लिहिल्याने कुणी लहान होत नाही.

मला ठाऊक आहे, यावर म्हटले जाईल : "पोरांना फी नाही, शिष्यवृत्ती अडते, बाप मजुरीला जातो आणि तुम्हाला गोष्टीच्या पुस्तकांची पडली आहे." फी आणि शिष्यवृत्तीसाठी मीही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण सातवी-आठवीत शाळा सोडणारी पोरे मी जवळून पाहिली आहेत. सगळी फीपायी जात नाहीत. काही जातात, कारण त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते की हे सगळे आपल्यासाठी नाही. पाच-सहा वर्षे पुस्तकात स्वतःला न पाहता पुस्तकाशी नाते टिकवणे हे मोठ्यांनाही जमत नाही.

दुसरा आक्षेप येईल की यातून वेगळेपणा वाढेल. उलट आहे. मराठी शाळेतल्या गणेशला अयानच्या घरी लाल तिखटाची बरणी कुठे असते, त्याची दादी ओवी म्हणते की नाही, हे कळले नाही, तर अयानची माहिती त्याला मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून मिळणार. ती कशी असते ते आपण जाणतोच. मुसलमान मुलाच्या गोष्टीची गरज अयानला जेवढी आहे, तेवढीच गणेशला आहे.

मग करायचे काय? सरकारची वाट बघायची नाही आणि सरकारला सोडायचेही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे आणि त्यात गोष्टींची पुस्तके हवीत, असे लिहिलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आमचे पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत कुलूपबंद कपाटाची किल्ली मागावी. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली आहे, आमच्या शाळांत तर ती आधीपासून आहे. उर्दू शाळेतली मुले जे 'सुलभभारती' वाचतात, त्याच्या मंडळाला पत्रे लिहावीत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते, आमच्या लेखकांनी तिथे गोष्टी पाठवाव्यात. मुंबईहून उर्दूत 'गुल बूटे' निघते. त्यात ऊसतोड आणि एसटी स्टँड येऊ द्यावेत. मशिदीच्या वर्गणीतून रंगरंगोटी होते, तशी वर्षातून एकदा मोहल्ल्यासाठी पन्नास पुस्तकेही येऊ शकतात. आणि शिक्षकांनी उद्या सकाळी फळ्यावरचे पहिले वाक्य बदलावे. त्याला शासन निर्णय लागत नाही.

मी ते बदलले. 'बुशरा आंबा खाते' असे लिहिले, तेव्हा वर्ग पाच मिनिटे हसत होता आणि बुशरा लाजून बाकाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली, "टीचर, मेरा नाम कब?" मग आम्ही एक हस्तलिखित काढायला घेतले, एक पान उर्दू, एक पान मराठी. सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. अजूनही अर्ध्या गोष्टींत राजू येतो. सवय मोडायला वेळ लागतो.

परवा एक मुलगी वही घेऊन आली. तिने 'अम्मीने मला हाक मारली' असे लिहिले होते, मग 'अम्मी' खोडून वर 'आई' लिहिले होते, मग 'आई'ही खोडले होते. जागा कोरी सोडून ती विचारायला आली होती, "टीचर, मराठीत अम्मी चालतंय का?"

मी 'चालतं' म्हणाले. पण माझे एकटीचे म्हणणे किती दिवस पुरणार? तिला ते छापलेले दिसले पाहिजे.